ओल्या जमिनीचा दाखला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, निवृत्त जमीन तपासनीस, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मांडीचे हाड ठिकाणावर नाही. ते कसे मोडले ते पुढे येईल. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात सर्व काही मुलाच्या नावे होते. ते रद्द समजावे.

वकीलबाईंचे म्हणणे असे, "काका, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. का देताय ते लिहू नका. कारणं लिहिली की भांडणं होतात." बाई हुशार आहेत आणि फीसुद्धा तशीच घेतात. पण या कागदात कारणच नसेल तर मी तो लिहितोच कशाला? पहिली सोपी कलमे उरकतो.

कलम पहिले. बँकेतील ठेवी, पुस्तके व मनगटी घड्याळ माझ्या एकुलत्या एक मुलास मिळावे. घर, तबेला व आवार त्यास मिळणार नाही. बाळा, तुला राग येईल. मागल्या खेपेस तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून म्हणालास, "बाबा, इथं आरामात बारा घरं बसतील." मी नुसते "बघू" म्हणालो. तुझा हिशेब बरोबर आहे, बाराच बसतात. मीही एकदा पावलांनी मोजून पाहिले होते. माझ्यावरच गेला आहेस, म्हणून देत नाही. कोर्टात जाऊ नकोस.

कलम दुसरे. उजवीकडच्या शेजाऱ्याने माशांचा त्रास होतो म्हणून माझ्याविरुद्ध नगरपालिकेत नऊ लेखी तक्रारी केल्या. त्याची बायको मात्र दर रविवारी सकाळी बादली घेऊन कुंपणाशी येते आणि आपल्या गुलाबांसाठी लीद मागून नेते. तबेल्यामागचा लिदीचा संपूर्ण ढीग मी तिला देत आहे. माशा त्याला. वकीलबाई म्हणाल्या, "ढीग दिलात तर त्या घरातलं कुणी साक्षीदार म्हणून चालणार नाही." मी म्हटले, नकोच.

कलम तिसरे. ज्या दलालाने मला ही जागा मिळवून दिली त्यास माझ्यातर्फे काहीही देऊ नये, शिव्यासुद्धा नाहीत. मी एकटाच त्याच्या कचेरीत गेलो तेव्हा तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला होता, "भावाला नको ना? मग तुम्ही घ्या. घरातच राहील." त्याला सगळे कळले होते. माणूस कसा विकत घ्यायचा हे त्याला जमिनीपेक्षा जास्त कळत असे. मी त्याचा चहा प्यायलो आणि होकार दिला.

कलम चौथे, मिळकतीचे वर्णन. शहर जिथे संपत आले आहे, बस जिथे वळून परत जाते, त्या थांब्यापासून सात मिनिटांवर एकसारख्या फाटकांच्या घरांची रांग आहे. तिच्या शेवटी माझे घर. चार खोल्या, मागे दोन घोड्यांचा तबेला, त्यापुढे लाकडी कुंपणाचे पाऊण एकर आवार. वस्ती वाढली तेव्हा नगरपालिकेने जुन्या घोडेवाल्यांना घोडे ठेवण्याची परवानगी दिली. ती माणसाला नव्हे, जागेला आहे. अट एकच की आवारात किमान एक घोडा असला पाहिजे. सलग वर्षभर जागा रिकामी राहिली तर परवानगी संपते आणि पुन्हा मिळत नाही. या सबंध भागात अशी ही एकच जागा उरली आहे.

कलम पाचवे. परवानगी टिकावी म्हणून घराबरोबर एक घोडी विकत घ्यावी लागली. तिचे नाव बाईसाहेब. वय आज सव्वीस, म्हणजे घोड्यांत आजीबाई. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभाव नावाप्रमाणे. अकरा वर्षांत मी तिच्या पाठीवर बसलेलो नाही. खरे सांगतो, मला घोड्यांची भीती वाटते. मी तिला चारा घालतो तोही फावड्यावरून. लोक विचारतात, मग घोड्यांची जागा कशाला घेतलीत? या प्रश्नावर मी अकरा वर्षे हसून वेळ मारून नेली.

तिचे खूर माझा धाकटा भाऊ पाहतो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, धंद्याने नालबंद. शाळेत त्याचे डोके चालले नाही, पण बिथरलेला घोडा त्याने नुसता मानेवर हात ठेवला की उभा राहतो. सहा आठवडे झाले की गुरुवारी तो आपली पेटी घेऊन येतो. पेटीत हातोडी, पकड, कानस, वाकडी सुरी. गिऱ्हाईक कोणीही असो, शर्यतीचे घोडे पाळणारा असो नाहीतर भाड्याची गाडी हाकणारा, तो त्याला "मालक" म्हणतो, काम करतो, पुढच्या खेपेचे सांगतो आणि निघतो. मला दादा म्हणतो. माझ्याकडे मजुरी घेत नाही, उलट येताना घोडीसाठी गाजरे आणतो.

कलम सहावे. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले. वकीलबाईंनी टाईप करून आणलेल्या मसुद्यात इथे कोरी जागा सोडली होती.

ही जागा धाकट्याने शोधली होती. वीस वर्षे दुसऱ्यांच्या तबेल्यांत वाकून त्याची पाठ गेली. आपले चार-दोन घोडे असावेत, म्हातारे, कोणाला नको असलेले, एवढीच त्याची हौस. जुना घोडेवाला विकतोय हे त्याला कळले, सौदा जमत आला, आणि तो माझ्याकडे आला. तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, तू एकदा जमीन बघ. तू हो म्हणालास की सही करतो. नको म्हणालास तर विषय संपला."

घोड्याच्या जागेत घरापेक्षा जमीन महत्त्वाची. पाणी मुरत नसेल तर खूर सतत ओले राहतात, मऊ पडतात, तळातून कुजतात. तपासायची रीत साधी आहे. हातभर खोल खड्डा घ्यायचा, बादलीभर पाणी ओतायचे आणि घड्याळ लावायचे. मी तीन खड्डे घेतले. दोन भराभर रिकामे झाले. तिसऱ्यात पाणी ओतले तेव्हा धाकटा म्हणाला, "तू बघ, मी चहा आणतो." कोपऱ्यावरच्या दुकानात गर्दी होती, त्याला पंचवीस मिनिटे लागली. पाणी चार मिनिटांत गेले. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी चांगली जमीन मी दोनदाच पाहिली होती.

उरलेली एकवीस मिनिटे मी तबेल्याच्या पायरीवर बसलो होतो. ऊन तिरपे आले होते. कुंपणाच्या सावल्या आवारात लांबवर पडल्या होत्या. आपल्या फाटकाला आपली कडी, आपल्या दारापुढे एवढे मोकळे आवार, हे सगळे मी मनात मांडून पाहिले. मला ती जागा आवडली. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्याला मी गणित शिकवता शिकवता टपल्या मारल्या, त्याला ती मिळणार आणि मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या जमिनी उकरून पुन्हा तिसरा मजला चढणार, हे मला सहन होईना. याला जळणे म्हणतात. दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला, सापडला नाही.

दूर रस्त्याच्या वळणावर धाकटा दिसला तेव्हा मी उठलो, बादली भरली आणि खड्ड्यात ओतली.

तो आला तेव्हा खड्डा काठोकाठ भरलेला होता. "अर्धा तास झाला," मी म्हणालो, "हलत नाही. एवढा भाग अडला की सगळं आवार ओलं राहतं." त्याच्या दोन्ही हातांत चहाचे पेले. त्याने वाकून खड्ड्यात पाहिले आणि मग माझ्याकडे. म्हणाला, "बरं झालं दादा तुला आणलं. नाहीतर फसलो असतो की." आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो.

घरी बायकोला दाखवायला म्हणून त्याने लेखी अहवाल मागितला. माझ्या प्रत्येक अहवालाची शेवटची ओळ ठरलेली असे, "जमिनीची स्थिती, स्वतः पाहून", आणि पुढे एक शब्द. मी "ओली" असे लिहिले आणि सही करून शिक्का मारला. दोन महिन्यांनी खोल्या विकून जागा मी घेतली. त्याला सांगितले, "मला कुठं घोडे पाळायचेत? घराखालची जमीन पक्की आहे, आम्हां दोघांना पुरे." तो म्हणाला, "खरंय." त्याने माझे लोखंडी कपाट स्वतःच्या पाठीवर तीन मजले उतरवले.

कलम सातवे, रबरी पाइपाबाबत. खोटे एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज खायला घालावे लागते. धाकटा सहा आठवड्यांनी येणार, आवारात फिरणार, आणि जमीन तर कोरडी ठणठणीत! पहिल्या गुरुवारी मी पहाटे उठलो आणि आवारभर पाइप फिरवला. त्याने बूट चिखलात रुतवून मान हलवली. "बिचारा दादा, स्वतः जमीनवाला आणि अशी जमीन पदरी आली," असे तो माझ्या बायकोला म्हणाला. पुढे तो अवचित, कधीही येऊ लागला, म्हणून मी रोज सकाळी पाणी घालू लागलो. शेजारी विचारी, "गवत लावताय का?" मी म्हणे, "हो." गवत काही आले नाही.

माझी बायको आता नाही. ती सगळे जाणत होती. तिने मला कधी अडवले नाही, पण एकदा स्वयंपाकघरातून बाहेर न पाहताच म्हणाली, "त्या पाइपाला एक दिवस वाचा फुटेल हं." त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही, आणि त्यानंतर ती आवाराकडे तोंड करून कधी बसली नाही.

धाकट्याला माझी दया आली. त्याने दर वर्षी आपली एक आठवड्याची रजा माझ्या आवारात घालवली. चर खणायचा, त्यात खडी भरायची, पाणी नाल्याकडे वळवायचे. अकरा वर्षांत सात चर. कोरड्या जमिनीत! मी खुर्ची टाकून बसायचो आणि उतार कसा हवा ते सांगायचो. त्याच्या तळहाताला फोड आले की मलम माझ्याच कपाटातून जायचे. आणि रोजच्या पाण्याने व्हायचे तेच झाले. बाईसाहेबांचा पुढचा डावा खूर मऊ पडला, मग उजवा. तळाशी काळे पडले, वास येऊ लागला, ती पाय उचलून उभी राहू लागली. धाकटा गुडघ्यावर बसून तिचा खूर मांडीवर घेई, कुजलेला भाग वाकड्या सुरीने हळूहळू काढी आणि तिला म्हणे, "काय करणार बाईसाहेब, जमीनच वाईट." मी दोन हात अंतरावर उभा असे. त्या वेळी मी बोललो नाही. हे मी कोणत्याही कलमात घातले तरी ते कमी होत नाही.

पाइप, लांबी साठ हात, रंग हिरवा, माझ्या मृत्यूनंतर कापून टाकावा. कोणास देऊ नये. शिक्काही फोडावा.

कलम आठवे. साडेतीन महिन्यांपूर्वी सकाळी पाणी घालताना मी माझ्याच चिखलात घसरलो आणि मांडीचे हाड मोडून घेतले. करावे तसे भरावे, पण इतके शब्दशः भरावे लागेल असे वाटले नव्हते. मी खाटेवर पडलो, घोडीला चारा कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाच्या बाई घालू लागल्या, आवारातले पाणी बंद झाले. जमिनीला सुकायला पाच दिवससुद्धा लागले नसतील.

पुढच्या गुरुवारी धाकटा खोलीत धावत आला. बूटसुद्धा काढले नव्हते. "दादा! चर चालला! सातवा चर चालला!" त्याने माझी खाटच ओढून खिडकीशी नेली. बाहेर जाऊन जमिनीवर बूट आपटला. "बघ, धूळ उडते! अकरा वर्षं लागली, पण काढलं की नाही पाणी?" संध्याकाळी बायकोला घेऊन आला, तिलाही धूळ दाखवली. डोळे पुसत होता. पुढच्या आठवड्यात एका घोडेवाल्याने आपल्या तबेल्यात चर खणायला त्याला बोलावले, तेही त्याने मला येऊन सांगितले. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचा असा उजळलेला चेहरा मी पाहिला नव्हता. त्याच्या हातची जागा मी चोरली होतीच. आता खरे बोललो तर सात चरही चोरणार होतो. म्हणून मी पुन्हा गप्प बसलो. या वेळी दयेच्या नावाखाली.

कलम नववे. घर, तबेला, आवार, घोडे ठेवण्याची परवानगी व बाईसाहेब, सर्व माझ्या धाकट्या भावास मिळावे. ही देणगी नव्हे, परत करणे आहे. घोडीच्या डॉक्टर म्हणतात, खूर कोरडे राहिले तर ती आणखी दोनतीन वर्षे सहज काढील, नाहीतर नाही. ती गेली आणि वर्ष उलटले तर परवानगी गेली, मग त्याच्या म्हाताऱ्या घोड्यांना इथे थारा नाही. तेव्हा घाई आहे. त्याने मिळकत नाकारली तर ती प्राण्यांच्या दवाखान्यास द्यावी, अट घोडे ठेवण्याचीच. पण त्याने नाकारू नये अशी माझी विनंती आहे. विनंती करण्याचे तोंड मला नाही हेही इथेच लिहितो.

यापुढील मजकूर माझ्या हाताने लिहिलेला आहे. 

माझा विचार असा होता की हे सर्व माझ्यामागे वाचले जावे. मेलेल्या माणसाकडे कोणी रागाने पाहत नाही. पण कागद तयार झाला त्या गुरुवारी धाकटा घोडीचे काम आटोपून आत आला, हात पुसत. वकीलबाई टेबलाशी होत्या. तो म्हणाला, "साक्षीदार लागतो ना? आण इकडे, मी करतो सही."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला चालणार नाही. तुम्हाला मिळकत मिळते आहे."

"मला?" तो हसला. "मला कशाला? पोरगा आहे की त्याचा. दादा, काय रे हे?"

मी त्याला बसायला सांगितले. सहावे, सातवे आणि आठवे कलम मी स्वतः मोठ्याने वाचले. चष्मा धुरकट झाला तेव्हा थांबलो, पुसला, पुन्हा वाचले.  मी वाट पाहत होतो की तो जागेचे विचारील, अहवालाचे विचारील, चरांचे विचारील. शेवटी त्याने एवढेच विचारले, "तिचे खूर... त्या पाण्यानं?"

मी म्हणालो, "हो."

तो उठला. पेटी उचलली. आवारात उतरून तो घोडीपाशी गेला आणि तिच्या मानेला कपाळ लावून बराच वेळ उभा राहिला. नंतर फाटकाची कडी वाजली.

सहा आठवडे त्याचा फोन नाही, येणे नाही. त्याच्या बायकोने एकदा फोन उचलला आणि म्हणाली, "भाऊजी, आता नको." मी रोज कुबड्या घेऊन खिडकीशी बसलो. घोडी आता चारी पायांवर नीट उभी राहते.

आज गुरुवार. तो येईल असे वाटले नव्हते, पण फाटक वाजले. त्याने पुढचे दोन्ही खूर साफ केले, कानस फिरवली, पेटी भरली. गाजरे आणली होती, तिला दिली. मग माझ्या खिडकीखाली आला, पण वर पाहिले नाही. गिऱ्हाइकाशी बोलावे तशा नीट, सभ्य आवाजात म्हणाला, "मालक, खूर भरतोय. पाणी घालू नका. सहा आठवड्यांनी येतो."

आयुष्यात कोणी इतके शिवी दिल्यासारखे बोलले नव्हते, आणि इतके बरोबरही. मी "बरं" म्हणालो. तो निघून गेला.

त्याने मिळकत घेतो म्हटलेले नाही, नको असेही म्हटलेले नाही. तेव्हा नववे कलम आहे तसेच कायम ठेवावे, आणि त्यातला "भाऊ" हा शब्दही.

सही करण्यापूर्वी दोन्ही साक्षीदारांना मी आवारात नेले. तिसऱ्या खड्ड्याची जागा मला डोळे मिटूनही सापडते. घोडीच्या डॉक्टरबाईंनी तिथे हातभर खड्डा घेतला, दुकानाच्या बाईंनी बादलीभर पाणी ओतले, घड्याळ माझ्या हातात होते. पाणी चार मिनिटांत गेले. दोघींनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि मृत्युपत्राबरोबर त्याबद्दलही सही केली.

साक्षीदार पहिली : घोड्यांची डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी : कोपऱ्यावरचे चहाचे दुकान चालवणारी (सही)

लिहून देणार : थोरला भाऊ, निवृत्त जमीन तपासनीस (सही, शिक्का नाही)

ठिकाण : आवाराच्या बाजूची खोली

दिनांक : एकोणीस, गुरुवार, दुपार

जमिनीची स्थिती, स्वतः पाहून : कोरडी